पावसाला न भिणारा कागद आणि चंदनी पंख्याचा दरवळ

प्रश्न : माझ्या पुतणीने चीनमधील हांगझोऊ शहरातून काळ्या कागदाचा घडीचा पंखा आणला. पावसाच्या सरीतही त्याला काही होत नाही, असे विक्रेत्याने तिला सांगितले. कागदाच्या बाबतीत हे पटत नाही. यात तथ्य आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तथ्य आहे. ‘एक पंखा म्हणजे अर्धी छत्री’ अशी म्हणच तिकडे या काळ्या पंख्याविषयी रूढ आहे. रेशीम आणि चहा यांच्या बरोबरीने पंखा हा हांगझोऊचा अभिमानाचा विषय असून ‘पंखेगल्ली’ या अर्थाचे नाव असलेला एक रस्ता तेथे आजही आहे. तेथील वांग शिंग जी ही पेढी १८७५ साली सुरू झाली आणि तिची पंखे घडवण्याची कला २००८ मध्ये चीनच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

पंख्याचा कागद तुतीच्या सालीपासून करतात. या सालीचे तंतू लांब आणि चिवट असल्यामुळे कागद शेकडो वेळा घडी घालूनही मोडत नाही. खरी किमया मात्र त्यावर चढवलेल्या पर्सिमॉन या फळाच्या कच्च्या रसाची आहे. आपल्याकडे जिच्या पानांच्या विड्या वळतात ती टेंभुर्णी याच फळाच्या कुळातली. कच्चे फळ चावल्यावर तोंड ओढल्यासारखे होते, ते त्यातील टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. हा रस कागदात मुरून वाळला की पाण्याला दाद न देणारा पातळ थर तयार होतो. बंगालमध्ये कोळी आपली जाळी याच कुळातील गाब या फळाच्या रसात बुडवून टिकाऊ करत असत, गुण तोच. तरीही आपला पंखा मुद्दाम भिजवून पाहू नये, कारण शिंतोडे सोसणे वेगळे आणि पाण्यात बुडून राहणे वेगळे.

पंख्यावरील सोनेरी नक्षीकडे आपली नजर आधी जाते, परंतु कारागिरी पाहायची असेल तर पंखा अर्धवट उघडून त्याच्या कडेकडे पाहावे. तेथे कागदाचे दोन पदर एकमेकांना चिकटवलेले असून प्रत्येक घडीत मधोमध एक अरुंद नळी मोकळी ठेवलेली असते, आणि बांबूच्या काडीचे निमुळते टोक त्या नळीत अलगद सरकवलेले असते. एखादी काडी केसभर जाड राहिली तरी पंखा मिटताना तेथे फुगतो. सुझोऊ या दुसऱ्या चिनी शहरातल्या उत्तम पंख्यांत सगळ्या काड्या खाली एका शिंगाच्या खिळीने ओवलेल्या असतात. ती खिळी तापवून तिची टोके दोन्ही बाजूंनी पसरवतात, म्हणजे ती निसटत नाही आणि काड्याही मोकळ्या फिरतात. मला पंख्याचा हा भाग चित्रापेक्षाही अधिक मोलाचा वाटतो.

घडीचा पंखा मूळचा चीनचा नव्हे, हेही नमूद करायला हवे. तो सोंग राजवटीत (दहावे ते तेरावे शतक) जपानहून, बऱ्याचदा कोरियामार्गे, तेथे पोहोचला. त्याआधी चीनमध्ये रेशमाचे गोल, दांडीचे पंखे आणि बांबूचे विणलेले विंझणे होते.

प्रश्न : आजीच्या पेटीत जाळीदार चंदनी पात्यांचा चिनी पंखा सापडला. त्याचा सुवास मंदावला आहे. त्याला चंदनाचे तेल लावावे का?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : कृपया लावू नये. तेलाने लाकूड डागाळते, जाळीच्या बारीक छिद्रांत धूळ बसते आणि पाती जोडणारी रेशमी फीत कुजते. असे पंखे विसाव्या शतकात सुझोऊमध्ये भरभराटीला आले. पात्याला आधी छिद्र पाडून त्यातून तारेसारखी बारीक करवत ओवतात आणि ती वर-खाली ओढत एकेक पाकळी कापतात. चीनला हे लाकूड पूर्वीपासून समुद्रमार्गे भारतातून आणि दक्षिणेच्या बेटांवरून मिळत असे, आणि चिनी बौद्ध ग्रंथांत आढळणारा ‘झानथान’ हा शब्द म्हणजे आपल्या ‘चंदन’ शब्दाचेच चिनी रूप आहे.

सुवास लाकडाच्या गाभ्यातच असतो. पंखा सुती कापडात गुंडाळून बंद पेटीत, ऊन आणि दमट हवा यांपासून दूर ठेवावा. फीत तुटली असल्यास डिंकाने चिकटवू नये. तेवढ्याच रुंदीची नवी रेशमी फीत जुन्याच खाचांतून ओवून घ्यावी.