गोळ्या दोघांनीही घ्यायच्या आहेत

"ताई, लग्नाला दीड वर्ष झालं. दिवस राहत नाहीत म्हणून तपासण्या केल्या, त्यात क्लॅमिडिया निघाला. मला कधी काहीच त्रास नव्हता. नवरा म्हणतो, मला काही होत नाही, मी गोळ्या कशाला घेऊ? हे तुझ्याकडूनच आलं असणार. मी कधी वावगं वागलेले नाही. आता मला मूल होईल का?"

तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण तो नसता तरी माझा सल्ला हाच राहिला असता. क्लॅमिडिया हा शरीरसंबंधातून पसरणारा जिवाणूसंसर्ग आहे. टॉवेलमधून किंवा संडासातून तो लागत नाही. बहुतेक बायकांना काही जाणवतच नाही. जाणवलंच तर अंगावरून पांढरं जास्त जाणं, लघवीला जळजळ, संबंधानंतर रक्त दिसणं, ओटीपोट दुखणं. पुरुषांमध्येही तो गुपचूप राहतो, म्हणून "मला काही होत नाही" या बोलण्याला काही अर्थ नाही. उपचार झाले नाहीत तर तो कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही जास्त टिकतो. तो कधी आणि कुणाकडून आला, हे रिपोर्ट सांगत नाही. त्याच्या आधारे तुला दोषी ठरवण्याचा हक्क नवऱ्याला नाही. तुलाही त्याला विचारायचं असेल तर जरूर विचार, पण औषधं त्यासाठी थांबवू नकोस.

औषध साधं आहे: बहुधा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ७ दिवस. पेलाभर पाण्यासोबत घे आणि लगेच आडवी होऊ नकोस, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. लोहाच्या नाहीतर कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांग, त्या एकत्र घ्यायच्या नसतात. पाळी चुकली असेल तर आधी गर्भचाचणी कर. गरोदरपणात याऐवजी अझिथ्रोमायसिन हे औषध देतात.

आणि नवऱ्याचं. त्याने उपचार घेतले नाहीत तर तुझा कोर्स पूर्ण होऊनही त्याच्याकडून तुला पुन्हा लागण होऊ शकते. त्यामुळे पुढच्या वेळी दवाखान्यात दोघं जा आणि हे डॉक्टरांच्या तोंडून त्याला ऐकू दे. तुझ्यातल्या गोळ्या त्याला देऊ नकोस, त्याचा कोर्स वेगळा. दोघांचाही संपेपर्यंत संबंध नकोत, कंडोम लावूनही नकोत. यात मी अजिबात सवलत देणार नाही. ३ महिन्यांनी पुन्हा तपासणी कर. योनीतला स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) स्वतः घेता येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मुलाबद्दल. बऱ्याच जणींना उपचारानंतर दिवस राहतात. मात्र संसर्ग गर्भनलिकांपर्यंत चढला असेल तर तिथे व्रण राहतो आणि तो गोळ्यांनी भरून येत नाही. म्हणून नलिका मोकळ्या आहेत का, हे तपासायचं का, असं डॉक्टरांना स्पष्ट विचार. पुढे दिवस राहिले तर लवकर सोनोग्राफी करून गर्भ नलिकेत न अडकता गर्भाशयातच आहे ना, याची खात्री करून घे. त्या काळात पोटात एका बाजूला जोरात दुखलं, रक्त गेलं किंवा चक्कर आली, तर रात्र असो की दिवस, तडक दवाखाना गाठ.