वर्षभर बॅटरी हवी असेल तर आधी लिंक मोजा

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्याजवळ शेतात तीसेक सेन्सर नोड (सेन्सर, रेडिओ आणि सेल असलेले छोटे डबे) बसवायचे आहेत, सेल वर्षभर टिकायला हवेत आणि डेटाही गहाळ व्हायला नको, तर अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टला लीच (LEACH, नोडमधला डेटा कुठल्या वाटेने न्यायचा ते ठरवणारा प्रोटोकॉल) घ्यावा का?

प्रत्यक्ष शेतासाठी नको, असं माझं मत आहे. लीच 2000 साली एमआयटीच्या हाइनझेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी मांडला. पाळीपाळीने काही नोड गटप्रमुख होतात, गटाचा डेटा एकत्र करतात आणि थेट बेस स्टेशनला, म्हणजे सगळा डेटा गोळा होतो त्या यंत्राला, पाठवतात. कल्पना सुंदर आहे, पण कुठलाही नोड बेस स्टेशनपर्यंत पोचू शकतो असं त्यात गृहीत धरलंय. शेतात नेमकं तिथेच अडतं.

आम्ही दौंड तालुक्यात उसात 18 नोड बसवले होते. सेल, डबे, अँटेना सगळं पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, तपकीर गल्लीतून आणलेलं. लागण नुकतीच झाली होती तेव्हा डेटाचं एकही पॅकेट चुकत नव्हतं. ऊस डोक्याच्या वर गेला आणि गणित फिरलं. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पानांतल्या पाण्यात जिरतात. आमचं राउटिंग, म्हणजे डेटाची वाट ठरवणारा भाग, कमीत कमी हॉप (एका नोडवरून दुसऱ्यावर उड्या) शोधायचं, म्हणजे नेमक्या लांबच्या, कच्च्या लिंक (दोन नोडमधले रेडिओ-जोड) पकडायचं. एकच पॅकेट तीन-चारदा पाठवलं जाई आणि सेल भराभर उतरत.

यावर उपाय ईटीएक्स. पॅकेट पोचून त्याची पोच परत येईपर्यंत सरासरी किती वेळा पाठवावं लागेल, तो आकडा. दोन्ही दिशांना निम्मीच पॅकेटं पोचत असतील तर 1 भागिले (0.5 गुणिले 0.5), म्हणजे 4. तेच मध्ये एक नोड घेऊन 90 टक्क्यांच्या दोन लिंकांनी गेलात तर प्रत्येकी 1.23, मिळून साधारण 2.5. हॉप वाढला, खर्च घटला. सीटीपी हा राउटिंग प्रोटोकॉल याच मापावर बेस स्टेशनकडे जाणाऱ्या वाटांचं झाड बांधतो, आणि 2012 मध्ये आरएफसी 6550 या इंटरनेट मानकाच्या रूपात आलेल्या आरपीएल या राउटिंग प्रोटोकॉललाही हे माप लावता येतं. कॉन्टिकी या छोट्या उपकरणांसाठीच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आरपीएल तयार मिळतो, तिथूनच सुरुवात करा.

आता बॅटरी. विद्यार्थी सगळं लक्ष पाठवण्याच्या खर्चावर ठेवतात. सीसी2420 या रेडिओ चिपला पूर्ण शक्तीने पाठवताना 17.4 मिलीअँपिअर लागतात आणि नुसतं ऐकत बसायला 18.8! म्हणजे 2500 मिलीअँपिअर-तासांचे सेल कान सतत उघडा ठेवला तर साडेपाच दिवसांत संपतात. रेडिओ 1 टक्का वेळच चालू ठेवलात तर कागदावर दीड वर्ष निघतं. झोपेतला प्रवाह, सेन्सरचा खर्च आणि सेलची आपोआप होणारी झीज त्यातून वजा करा. पण समोरचा झोपलेला असताना पाठवणाऱ्याला तो जागा होईपर्यंत हाका मारत राहावं लागतं, त्यामुळे फसलेलं प्रत्येक पॅकेट आणखी महाग पडतं. म्हणून भरवसा आणि बचत हे दोन वेगळे प्रश्न मानू नका. कच्ची लिंक दोन्हीकडून बुडवते.

बेस स्टेशनच्या शेजारचे नोड सगळ्यांचा डेटा वाहतात, ते आधी मरतात. आमचे मोटरच्या खोलीजवळचे दोन असेच गेले. कुठल्याही प्रोटोकॉलने हे पूर्ण टळत नाही. तिथे मोठे सेल किंवा छोटं सोलर पॅनेल लावा, नाहीतर दुसरं बेस स्टेशन.

गाइडना लीचच हवा असेल तर तो सिम्युलेशनमध्ये तुलनेला ठेवा. मात्र त्या सिम्युलेशनला लिंकचे आकडे तुमच्या शेतातले द्या: नोडची प्रत्येक जोडी, दोन्ही दिशा, हजार-हजार पॅकेटं. मोजणी दुपारी करा आणि पहाटेही करा, पानांवर दव असताना.