वाचकांचे प्रश्न : जिनमधला पुदिना कडू का होतो?

प्रश्न : पुदिना, लिंबू आणि साखर खलबत्त्यात कुटून जिनमध्ये घालतो, वरून बर्फ आणि सोडा. चव कडवट येते, थोड्या वेळात रंगही काळपट होतो. कुठे चुकतं?
– एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : खलबत्त्यात. पुदिन्याचा सुगंध पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक तेलग्रंथींत असतो, तो सुटायला हलका दाब पुरतो. पान चेचलं की आतला हिरवा, तुरट रसही बाहेर येतो आणि हवा लागून काळा पडतो, चिरलेल्या वांग्यासारखा. आपल्याला चटणी करायची नाहीये.

आठ-दहा कोवळी पानं घ्या, देठ काढा, धुऊन नीट कोरडी करा. तळहातावर ठेवून एकच टाळी द्या. वास आला की काम झालं. शेकर नसेल तर घट्ट फिरकीच्या झाकणाची बरणी चालते. तिच्यात पानं, एक लार्ज म्हणजे ६० मिली जिन, २० मिली लिंबाचा रस आणि २० मिली साखरेचं पाणी घाला. मापाला औषधाच्या बाटलीचं आखलेलं झाकण उत्तम, फक्त खोकल्याच्या औषधाचा वास गेलाय ना ते बघा! बरणी बर्फाने भरून दहा-बारा सेकंद जोरात हलवा, चहाच्या गाळणीतून ताज्या बर्फावर गाळा. साउथसाइड म्हणतात ते हेच. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये उंच ग्लासात वर ६० ते ९० मिली थंडगार सोडा हवाच. सोडा मात्र शेवटी. बरणीत घालून हलवलात तर झाकण उडेल.

साखर थेट घालू नका, थंड दारूत ती विरघळत नाही आणि तळाशी रवाळ राहते. १०० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात गरम करा, विरघळताच गॅस बंद. एकतारी पाक नको. लिंबू पिळतानाही बिया आणि साल चिरडली तर कडवटपणा येतो. शेवटचा थेंब काढायचा हट्ट सोडा. पाणचट होत असेल तर बर्फ दोषी. बाहेर ठेवून ओला झालेला बर्फ हलवताना भराभर वितळतो. फ्रीजरमधून काढला की लगेच वापरा.

प्रश्न : उन्हाळ्यात लिंबं महागतात. त्याऐवजी मोसंबी चालेल का?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : नुसती नाही. तिचा आंबटपणा जिनपुढे टिकत नाही, पेय गोडमिट्ट होतं. १५ मिली लिंबू आणि ३० मिली मोसंबी घ्या, साखरेचं पाणी १० मिलीवर आणा. मोसंबीचा रस आधी काढून ठेवू नका. तो ठेवल्यावर कडवट होत जातो. ग्लास भरायच्या वेळीच पिळा.