अंग बाहेर येतं, म्हणजे पिशवी काढायचीच का?

प्रश्न : वय ५२, तीन बाळंतपणं, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. आमची द्राक्षबाग आहे. छाटणी, विरळणी, क्रेट उचलणं सगळं करते. वर्षभरापासून अंग बाहेर येतंय. सकाळी बरं असतं, संध्याकाळी लिंबाएवढी गाठ हाताला लागते, आडवी झाले की आत जाते. दवाखान्यात पिशवी काढायला सांगितलंय. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आहे. काढावीच लागेल का?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, गाठ आडवं झाल्यावर आत जातेय. लघवी मोकळी होत असेल आणि रक्त जात नसेल, तर छाटणी उरकेपर्यंत थांबलात तरी चालेल. मात्र तपासणी आधीच करून घ्या. खाली आलंय ते नेमकं काय, पिशवी, मूत्राशय की गुदाशयाकडची भिंत, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

यात दोष पिशवीचा नसतो. तिला धरून ठेवणारे स्नायू आणि बंध सैल पडलेले असतात. म्हणूनच नुसती पिशवी काढली आणि बंधांना आधार दिला नाही, तर पुढे योनिमार्गाचं वरचं टोक खाली येऊ शकतं. शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी तीन गोष्टी विचारा : वरचं टोक नेमकं कुठे बांधणार? मूत्राशयाची बाजूही दुरुस्त करणार का? बीजकोश ठेवणार की काढणार, आणि का? नंतर निदान सहा आठवडे जड उचलायचं नसतं, तेव्हा तारीख बागेचं काम बघूनच घ्या.

शस्त्रक्रियेआधी एक सोपा उपाय करून बघण्यासारखा आहे, आणि तो अनेकींना सांगितलाच जात नाही : रिंग पेसरी. ही मऊ रिंग योनिमार्गात बसवतात आणि ती खाली येणारा भाग वर धरते. माप बरोबर असेल तर आत काही आहे हे जाणवतही नाही. लहान असली तर निसटते, मोठी असली तर दुखतं किंवा लघवी अडते. म्हणून बसवल्यावर लगेच घरी निघू नका. तिथेच चाला, खोका, उकिडवं बसा, लघवी करून या. दर तीन ते सहा महिन्यांनी ती काढून, धुऊन, आतली त्वचा तपासून घ्यायची. विसरून वर्षानुवर्षं आत राहिलेली रिंग जखम करते. पाळी गेल्यावर आतली त्वचा पातळ, कोरडी होते. त्यासाठी डॉक्टर इस्ट्रोजेनचं मलम देतात. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर ते आधी सांगा.

सोबत व्यायाम हवा. पाय दुमडून उताणं झोपा. वारा आणि लघवी एकदमच रोखायची आहे अशा बेताने तो भाग आत-वर ओढा. पाच आकडे धरा, तितकाच वेळ सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू धरणं दहा आकड्यांवर न्या. तीन-चार महिने खंड नको. बहुतेकींचं चुकतं ते इथे : श्वास कोंडतात, ढुंगण आवळतात, किंवा आत ओढण्याऐवजी खाली कुंथतात. पोटावर हात ठेवा. पोट फुगत असेल तर तुम्ही कुंथताय, आणि त्याने दुखणं वाढतं. लघवी करताना मध्येच धार थांबवून हा व्यायाम करू नका. पूर्ण बाहेर आलेलं अंग व्यायामाने आत जाणार नाही, पण ओढ आणि जडपणा कमी होतो.

क्रेट उचलायचाच तर अर्धा भरा किंवा दोघींनी धरा. अंगाशी घ्या, आधी आवळा, मग श्वास सोडत उचला. वैरणीच्या भाऱ्यालाही हेच. बद्धकोष्ठ आणि चुलीच्या धुराचा जुना खोकला यांवर उपचार घ्या. दोन्हींचा जोर खालीच येतो. बाहेर येणाऱ्या भागाला हळद, तुरटी लावू नका.

पाळी गेल्यानंतर थेंबभरही रक्त दिसलं, लघवी अडली, गाठ आत जाईना किंवा तिच्यावर जखम झाली, तर छाटणी राहू द्या आणि त्याच दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. मिरजेचं शासकीय रुग्णालय तुम्हाला जवळ आहे.

प्रश्न : वय ३४. दुसऱ्या बाळंतपणाला सात महिने झाले. शिंकलं, हसलं की लघवीचे थेंब जातात. पाणी कमी पिऊ का?
— एक वाचक, कराड

उत्तर : नाही. कमी पाण्याने लघवी घट्ट होते, जळजळ वाढते, आणि तुम्ही अंगावर पाजत असाल तर पाणी जास्तच लागतं. वरचाच व्यायाम तीन महिने करा आणि शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून धरा. लघवीला आग होत असेल तर आधी लघवी तपासून घ्या.