पुण्याचे नाव की बडोद्याची जागा?

प्रश्न : माझ्या मुलीला गुजरातच्या प्रवेश समितीमार्फत बडोद्याच्या महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनीअरिंगची जागा मिळण्याची चिन्हे आहेत. पुण्याचे नातेवाईक मात्र ‘पदवी घ्यावी तर पुणे विद्यापीठाची’ असे म्हणत तिला तिकडच्या एका खासगी कॉलेजात घालण्याचा आग्रह धरीत आहेत. मातृभाषा मराठी असल्यामुळे तेथे सवलत मिळेल, असेही ते सांगतात. काय करावे?
— एक पालक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : सवलतीचा मुद्दा आधी निकालात काढू. मराठी मातृभाषेची तरतूद महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी आहे. बडोद्यात दहावी-बारावी झालेल्या मुलीला सर्वसाधारणपणे परराज्यातील उमेदवार मानले जाते आणि तिला जेईई मेनच्या गुणांवर अखिल भारतीय जागांसाठी स्पर्धा करावी लागते.

दोन्ही विद्यापीठे 1949 सालचीच असली, तरी त्यांची घडण अगदी वेगळी आहे. पुणे विद्यापीठाला शेकडो कॉलेजे संलग्न आहेत; सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम आणि परीक्षा विद्यापीठाची असते, पण शिक्षक, प्रयोगशाळा आणि शिस्त कॉलेजाची असते, त्यामुळे पदवीपत्रावर एकच नाव असूनही दोन विद्यार्थ्यांच्या चार वर्षांत जमीन-अस्मानाचे अंतर असू शकते. आपल्या पत्रात विद्यापीठाचे नाव आहे, कॉलेजाचे नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथेच आहे. (नातेवाईकांच्या मनात सीओईपी, म्हणजे पुण्याचे जुने सरकारी अभियांत्रिकी कॉलेज असेल, तर ते 2022 पासून स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे.) कॉलेज स्वायत्त असेल, तर अभ्यासक्रम आणि परीक्षाही त्याच्याच हाती असतात, तेव्हा ते आधी विचारून घ्यावे.

म. स. विद्यापीठात जो विभाग शिकवतो तोच प्रश्नपत्रिका काढतो आणि तोच तपासतो. शिक्षक जागरूक असतील तर नवा विषय लवकर वर्गात येतो. उदासीन असतील तर ठरावीक प्रश्नांवर वर्षे निघून जातात. यातले खरे काय, हे माहितीपुस्तिकेवरून कळत नाही. तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याकडून अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टीम या विषयांच्या मागील प्रश्नपत्रिका मिळवाव्यात आणि पुण्याच्या त्या कॉलेजाच्या प्रश्नपत्रिकांशेजारी ठेवून पाहाव्यात. ‘क्विकसॉर्ट (नोंदी क्रमाने लावण्याची एक रीत) म्हणजे काय’ एवढेच विचारणारी परीक्षा वेगळी आणि त्याला सर्वांत वाईट स्थितीत नोंदींच्या संख्येच्या वर्गाच्या (n²) प्रमाणात वेळ का लागतो, हे सिद्ध करायला लावणारी वेगळी. डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर नेटवर्क्स, डेटाबेस आणि कंपायलर हा पाया नीट शिकवला जात असेल, तर पदवीच्या नावात ‘एआय’ नसल्याची मुळीच खंत करू नये.

सयाजीरावांनी 1890 साली स्थापन केलेल्या कलाभवन या तंत्रशिक्षण संस्थेचा वारसा म. स. विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेकडे आहे आणि दादासाहेब फाळके तेथे शिकले, याचा आपल्याला अभिमान असणे स्वाभाविकच आहे, पण संगणकाची प्रयोगशाळा त्या पुण्याईवर चालत नाही. तेथे किती यंत्रे चालू स्थितीत आहेत, हे स्वतः जाऊन पाहावे.

पुण्याची बाजू एका बाबतीत निश्चित भारी आहे. हिंजवडीसारख्या ठिकाणी सॉफ्टवेअर कंपन्यांची दाटी असल्याने शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप शहरातच मिळू शकते. बडोद्याचा उद्योग मुख्यतः रिफायनरी, रसायने आणि अभियांत्रिकी असा आहे. प्लेसमेंटचे आकडे विचारताना मात्र सर्वोच्च पगार विचारू नये. याच शाखेतील किती जणांना नोकरी लागली आणि पगाराच्या क्रमाने अगदी मध्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याला किती पगार मिळाला, एवढेच विचारावे.

खर्चाबाबत थोडक्यात : म. स. विद्यापीठातील जागा अनुदानित आहे की स्वयं-अर्थसाहाय्यित (म्हणजे खर्च शुल्कातूनच भागवणारी), हे वाटपपत्रावर पाहावे, आणि पुण्याच्या शुल्कात वसतिगृह व खाणावळ धरावी.

एकूण पाहता, ते कॉलेज स्वायत्त नसेल, किंवा त्यासाठी कर्ज काढावे लागणार असेल, तर मी म. स. विद्यापीठाची जागा घ्यावी असेच म्हणेन. पुण्याला पुढे एम.टेक.साठी किंवा नोकरीसाठी जाता येईलच. कॉलेज स्वायत्त असून प्रश्नपत्रिका आणि आकडे खरोखर सरस निघाले, तर पुणे निवडण्यास माझी हरकत नाही.

पुण्याची जागा प्रत्यक्ष पदरात पडेपर्यंत गुजरातमधील प्रवेश सोडू नये. विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे संस्थेने अडकवून ठेवू नयेत, अशी विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसी) 2018 ची अधिसूचना आहे. दोन्हीकडे पडताळणी झाली की ती लगेच परत मागून घ्यावीत.