मेल सर्व्हरवाल्याने सुपरकॉम्प्युटरच्या सत्राला थांबावं का?

तुमचा प्रश्न असा: शनिवारी पुण्यात मीटअप आहे, पहिलं सत्र इ-मेल सुरक्षेवर, दुसरं हाय-परफॉर्मन्स कॉम्प्युटिंगवर, म्हणजे सुपरकॉम्प्युटरवर. तुम्ही सांगलीतल्या छोट्या कंपनीचा मेल सर्व्हर सांभाळता, मग दुसऱ्या सत्राला थांबायचं की लवकरची एसटी पकडायची?

थांबा. अशा मीटअपमध्ये विषयांची जोडी बहुतेक वेळा वक्ते मिळतील तशीच जुळते, हे खरं. पण या दोन विषयांचं खरोखरच नातं आहे.

२०११च्या डिसेंबरची गोष्ट. झॅकरी हॅरिस या अमेरिकन गणितज्ञाला गूगलच्या रिक्रूटरची मेल आली. खरी की खोटी म्हणून त्याने हेडर (मेल कुठून कशी आली याची तांत्रिक नोंद) उघडलं, तर डीकेआयएमची सही, म्हणजे मेल खरंच त्या डोमेनवरून आलीय हे दाखवणारी डिजिटल सही, अवघ्या ५१२ बिटांच्या किल्लीने केलेली. ही आपली परीक्षाच असणार, असं त्याला वाटलं. भाड्याच्या क्लाउडवर सुमारे ७५ डॉलर खर्चून तीन दिवसांत त्याने ती किल्ली फोडली आणि गूगलचा एक संस्थापक सर्गे ब्रिन याच्या नावाने थेट दुसऱ्या संस्थापकाला, लॅरी पेजला, मेल धाडली! उत्तर आलं नाही. दोन दिवसांनी पाहतो तर किल्ली २०४८ बिटांची झालेली.

आता दुसरं सत्र. अशी किल्ली आरएसए पद्धतीची असते, ती फोडणं म्हणजे एका प्रचंड आकड्याचे अवयव शोधणं. ५१२ बिटांचा आरएसए आकडा १९९९ मध्येच जाहीरपणे फोडून झाला होता. त्यातलं चाळणीचं (उपयोगी आकडे चाळून काढण्याचं) काम शेकडो साध्या मशीनवर वाटून दिलं होतं, कारण तिथे एका मशीनला दुसऱ्याशी बोलावं लागत नाही. त्यातून तयार झालेलं शेवटचं अवाढव्य मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) सोडवायला मात्र क्रे सुपरकॉम्प्युटर लागला. काम वाटता येतं की सतत आपसात बोलावं लागतं, इथेच या विषयाची मेख आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘अर्का’ सुपरकॉम्प्युटरवर हवामानाचं मॉडेल चालतं तेव्हा नकाशाच्या प्रत्येक चौकोनाला शेजारच्या चौकोनाचे आकडे दर पायरीला लागतात. त्यामुळे वक्त्याने ‘अर्का’चे ११.७७ पेटाफ्लॉप (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणितं) सांगितले की टाळ्या वाजवा, पण नोड, म्हणजे आतली मशीनं, एकमेकांना कशाने जोडलेत तेही विचारा. आणि प्रोग्रॅमचा पाच टक्के भाग एकामागून एकच चालणारा असेल, तर प्रोसेसरचे कितीही कोअर लावा, वेग विसाच्या पटीपुढे जात नाही.

पहिल्या सत्राला मात्र रिकाम्या हाताने जाऊ नका. आपल्या कंपनीच्या पत्त्यावरून स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, ‘शो ओरिजिनल’ उघडा आणि एसपीएफ (डोमेनच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरना आहे ती यादी), डीकेआयएम, डीमार्क (या दोन्ही तपासण्यांत नापास झालेल्या मेलचं काय करायचं तो नियम) या तिन्हींपुढे काय लिहिलंय ते टिपून घ्या. मी एका ठिकाणी काम करत असताना गिऱ्हाइकांना पाठवलेली बिलं अचानक स्पॅममध्ये जायला लागली. दोन दिवस सर्व्हर उचकटून झाला, आयपी काळ्या यादीत आहे का तेही पाहिलं. निघालं काय, तर वेबसाइटवाल्याने न्यूजलेटरच्या सेवेसाठी डीएनएसमध्ये (डोमेनच्या जाहीर नोंदींमध्ये) एसपीएफचा दुसरा रेकॉर्ड टाकून ठेवला होता. एका डोमेनला एसपीएफचा एकच रेकॉर्ड चालतो. दोन दिसले की तपासणी ‘पर्मएरर’ (कायमची चूक) देऊन मोकळी होते. दोन्ही एकत्र केले, संध्याकाळपर्यंत बिलं पोचायला लागली. एकत्र करताना डीएनएस लुकअपची (डीएनएसला विचारण्याची) दहाची मर्यादा सांभाळा, इन्क्लूडच्या (दुसऱ्याची एसपीएफ यादी जोडणाऱ्या नोंदीच्या) पोटातले इन्क्लूडसुद्धा त्यात धरले जातात.

डीमार्कची पॉलिसी ‘नन’वर ठेवून वर्षानुवर्षं निवांत बसलेले लोक मी पाहिलेत. ‘नन’ने फक्त अहवाल येतात, तुमच्या नावाची खोटी मेल त्याने अडत नाही. पण उद्याच ‘रिजेक्ट’ (नापास मेल परत लावा) करू नका, नाहीतर टॅली किंवा पगाराच्या सॉफ्टवेअरमधून जाणाऱ्या मेल पहिल्या मरतील. आधी महिनाभर अहवाल वाचा. डीकेआयएमची किल्ली १०२४ची असेल तर वक्त्याला २०४८ची किल्ली टीएक्सटी रेकॉर्डमध्ये (डीएनएसमधल्या मजकुराच्या नोंदीत) कशी बसवायची ते विचारा. ती २५५ अक्षरांच्या एका तुकड्यात मावत नाही आणि काही डीएनएस पॅनेल तिथेच अडून बसतात.

एसटीची काळजी नको, स्वारगेटहून रात्रीच्या गाड्या असतात.