सोलापुरात १५० कामगारांची घरकुल सोसायटी काढायची आहे. सरकारकडून घरामागे किती पैसे मिळतात आणि हातात कधी येतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टॉवेल कारखान्यातली आणि विडी वळणारी मिळून दीडशे कुटुंबं, अक्कलकोट रस्त्याकडे चार एकर बघून ठेवलेत, आणि एकाने सांगितलंय की 'घरामागे अडीच लाख सरकार देतं, बाकीचं बँक बघते.' यातलं पहिलं खरं आहे. सोसायट्या अडकतात त्या दुसऱ्यावर.

अडीच लाखांचा हिशेब आधी. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाली. तुमच्या कामाचा तिचा घटक म्हणजे 'भागीदारीतून परवडणारी घरे'. त्यात केंद्राचे दीड लाख, राज्याचा किमान एक लाख. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवं, घराचं चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) ३० ते ४५ चौरस मीटर. हे अनुदान लाभार्थ्यामागे मिळतं, जमिनीसाठी किंवा संस्थेसाठी नाही. दीडशेपैकी वीस नावं छाननीत गळली तर ५० लाख गेले, आणि त्या वीस जणांच्या वाट्याचा रस्ता, टाकी, गटार उरलेल्यांच्या अंगावर पडतं.

घराचा खर्च किती धरायचा? आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीचं २०१९ मध्ये भूमिपूजन झालं तेव्हा ३०,००० घरांचा खर्च सुमारे १,८११ कोटी सांगितला होता आणि त्यात केंद्र-राज्याची मदत ७५० कोटी. म्हणजे घराला सहा लाखांच्या आसपास, त्यातले अडीच लाख सरकारचे. बाकी लाभार्थी हिस्सा. पहिल्या १५,००० घरांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये झालं, म्हणजे पाच वर्षं धरा. तेसुद्धा मागे जुनी कामगार संघटना आणि विडी कामगारांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीच्या १०,००० घरांचा अनुभव असताना.

आता तुमचं गणित मांडू. ३० चौरस मीटर म्हणजे ३२३ चौरस फूट चटई. भिंती, जिना, पॅसेज धरून बांधकाम ४३० फुटांच्या आसपास जातं. दर १,७०० रुपये धरला (तुमच्या इंजिनिअरकडून खरा दर काढून घ्या, इथे फक्त रीत दाखवतोय) तर ७ लाख ३१ हजार. जमीन, अंतर्गत रस्ते, ड्रेनेज, पाण्याची टाकी आणि ट्रान्सफॉर्मर मिळून लाखभर वर. अडीच वजा केले की प्रत्येकाला पावणेसहा-सहा लाख उभे करायचे आहेत.

आणि ते अडीचही एकरकमी येत नाहीत. केंद्राचा हिस्सा ४०:४०:२० अशा हप्त्यांत मिळतो: घरामागे ६० हजार, ६० हजार, ३० हजार. दीडशे घरांचा पहिला हप्ता ९० लाख, आणि नुसतं बांधकामच जवळपास ११ कोटींचं. दुसरा हप्ता पहिल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) आणि कामाची प्रगती दाखवल्यावर, शेवटचा काम पुरं झाल्यावर. थोडक्यात, अनुदान कामाच्या मागून येतं. ठेकेदाराला स्लॅबची बिलं द्यायला हाताशी पैसा नसेल तर प्रगती थांबते, प्रगती नाही म्हणून हप्ता थांबतो, आणि तोवर सिमेंट-सळईचा भाव हलतो. अर्धवट इमारती दिसतात त्यांच्यामागे बहुतेक हेच असतं. म्हणून लाभार्थी हिश्शाचा निदान पहिला टप्पा संस्थेच्या खात्यात जमल्याशिवाय कामाचा आदेश देऊ नका.

बँकेचं म्हणाल तर त्या रकमेतले साडेतीन लाख कर्जाने घेतले, ९ टक्के, १५ वर्षं, तर हप्ता महिना साधारण ३,५५० रुपये बसतो. रक्कम मोठी नाही. अडचण ही की आठवड्याचा पगार रोखीत घेणाऱ्याकडे पगाराची चिठ्ठी नसते. आजपासून सगळ्यांची मजुरी बँक खात्यात घ्यायला लावा. वर्षभराचं स्टेटमेंट हाच तुमचा उत्पन्नाचा पुरावा. अल्प उत्पन्न गटाच्या गृहकर्जासाठी केंद्राचा एक हमी निधी आहे, तो २.० मध्ये १,००० कोटींवरून ३,००० कोटींवर नेलाय. पण ती हमी बँकेला असते, कर्जदाराची सुटका त्यात नाही. शिवाय बँक त्या निधीची सभासद हवी. पहिल्याच भेटीत मॅनेजरला हे विचारा.

चार एकरांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो: एवढी जमीन लागत नाही. दीडशे घरांचं बांधकाम साधारण ६,००० चौरस मीटर, आणि दोन एकर म्हणजे ८,०९४. रस्ते आणि मोकळी जागा सोडून तळमजला अधिक दोन सहज बसतं. राज्य अशा प्रकल्पांना निवासी विभागात अडीचपर्यंत एफएसआय (म्हणजे प्लॉटच्या अडीचपट बांधकामाची मुभा) देतं. हे प्रोत्साहन पुण्या-मुंबईत सोन्यासारखं, आपल्याकडे मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, कारण जमीन तुलनेने स्वस्त आणि लिफ्टचा खर्च परवडत नाही. मोठ्या खासगी प्रकल्पांतली २० टक्के घरं दुर्बल घटकांना द्यायचा नियमही दहा लाखांवरच्या शहरांना आहे, आणि २०११ च्या जनगणनेत सोलापूर ९,५१,५५८ वर थांबलं. त्यामुळे 'म्हाडाच्या २० टक्क्यांतलं घर सोलापुरात मिळवून देतो' म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जमिनीचं खरं दुखणं वेगळं आहे. ती शहरी योजनेच्या हद्दीत, म्हणजे महापालिका, नगरपालिका किंवा अधिसूचित नियोजन क्षेत्रात येते का? गट नंबर घेऊन नगररचना कार्यालयातून झोन दाखला काढा. हद्दीबाहेर गेलात तर ग्रामीण योजना लागते, तिचं मूळ अनुदान १ लाख २० हजार आणि निवडीची पद्धतच निराळी. सातबारावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नाही. आणि पाणी. प्रकल्पाच्या कुंपणाबाहेरची जलवाहिनी अडीच लाखांत धरलेली नसते. सोलापुरात उजनीचं पाणी शहराच्या मध्यभागीसुद्धा रोज येत नाही, तिथे तुमच्या वसाहतीला जोडणी कोण आणि कुठून देणार हे लेखी हवं. बोअरच्या भरवशावर दीडशे कुटुंबं नेऊ नका.

नावं कुठे गळतात तेही सांगतो. कुटुंबात म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं यांत कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या २० वर्षांत कुठल्याही घरकुल योजनेचा लाभ नको. गावाकडचं वडिलोपार्जित घर वाटणी न होता नावावर असतं, ते लोकांना आठवतही नाही. दुसरा घोळ नावांचा. विडी कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकात आद्याक्षरं; तेलुगू आडनाव मराठीत एक, इंग्रजीत दोन तऱ्हांनी. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर करायचं असतं, म्हणून आधी बायकांची कागदपत्रं एकसारखी करून घ्या. अर्ज भरल्यावर दुरुस्ती करत बसलात तर महिने जातात.

मंजुरीचा प्रवास: सविस्तर प्रकल्प अहवाल महापालिका किंवा म्हाडामार्फत (राज्यात या योजनेची समन्वय यंत्रणा म्हाडा आहे), मग राज्यस्तरीय समिती, मग केंद्राची मंजुरी व सनियंत्रण समिती. लाभार्थ्यांची यादी अहवालाला जोडलेली लागते.

तुमच्यापैकी कुणाचा हद्दवाढ भागात स्वतःचा प्लॉट असेल तर त्याला सोसायटीत ओढू नका. त्याच्यासाठी 'वैयक्तिक घरकुल' घटक आहे, अनुदान तेवढंच, आणि पैसे थेट खात्यात. पण प्लॉट गुंठेवारीचा असेल तर आधी नियमित करावा लागतो (२०२१ च्या दुरुस्तीनंतर मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला आहे), तोवर बांधकाम परवाना नाही आणि परवान्याशिवाय हप्ता नाही. मंजुरीआधी पाया खणू नका. पहिला जिओ-टॅग फोटो मोकळ्या जागेचा लागतो, नंतर पाया, लिंटेल, छत असे.

तयार फ्लॅट घेणाऱ्याला व्याज अनुदान आहे: उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत; पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. एका कुटुंबाला एकच घटक, हे आणि अडीच लाख दोन्ही नाही.

करांत दोन गोष्टी. परवडणाऱ्या घरावर जीएसटी १ टक्का, सोलापूरसारख्या शहरात ९० चौरस मीटर आणि ४५ लाखांपर्यंत. मात्र सिमेंट-सळईवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरा. आणि प्रकल्पाच्या नफ्यावरची आयकर माफी मार्च २०२२ पर्यंत मंजूर प्रकल्पांनाच होती. कुणी डेव्हलपर आजही तिच्या जोरावर स्वस्त दर सांगत असेल तर त्याचा हिशेब तपासा.

सभासदांत गवंडी, सेंट्रिंगवाले असतील तर बांधकाम कामगार कल्याण मंडळाची त्यांची नोंदणी चालू आहे का बघा. नोंदीत कामगाराला शहरी आवास योजनेच्या घरासाठी मंडळाकडून आणखी २ लाख मिळतात. नूतनीकरण राहिलं असेल तर ते बयाणा देण्याआधी उरका.